कोऱ्या कापडाचे नाना

आमच्या घरमालकांना चित्रकार म्हणायचं की नाही, यावरून जळगावच्या मेहरूण भागात दोन तट होते. एका तटात सगळं मेहरूण आणि दुसऱ्या तटात अक्का, म्हणजे घरमालकांची बायको, एकटी. मी भाडेकरू, त्यातून संगमनेरकडची, त्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बिनदिक्कत मेहरूणच्या बाजूनं हात वर केला असता. मी गणिताची बाई. उत्तर नसलेलं उदाहरण मला वर्गातही चालायचं नाही आणि घरातही.

जळगावच्या मुलींच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार होईना. तलावाच्या अंगाला, बोरीच्या झाडाखालच्या त्या घरात मी विचारायला गेले तेव्हा अक्का ताक घुसळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "राहा की बाई. आमच्याकडे तरी कोण येतं?" या बोलण्यात काही आहे हे मला तेव्हा समजलं नाही. मी सामान आणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर अंगणात बोरीपासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली, दोरीवर पांढरं मांजरपाट, आणि त्याच्यासमोर पाटावर घरमालक नाना. उंच, जरा वाकलेले, धोतरावर तपकिरी डाग, शेजारी साय धरलेला चहा. मला वाटलं, वाऱ्यानं कापड उडू नये म्हणून राखण करताहेत.

"कुणाची वाट पाहताय का नाना?"

"हो."

"कोण यायचंय?"

"अजून ठरायचंय," नाना म्हणाले आणि पुन्हा कापडाकडे बघत बसले. मी मनात म्हटलं, झालं, खोली मिळाली ती ही अशी.

दोन-चार दिवसांनी त्याच कापडावर चहा सांडावा तसे पिवळट पट्टे दिसायला लागले. पुढच्या आठवड्यात ते गडद झाले, एकमेकांत शिरले, मधूनमधून पांढऱ्या वाटा राहिल्या. मी अक्कांना म्हटलं, "तुमच्या धोब्यानं वाट लावली कापडाची." अक्का हसल्या आणि अभिमानानं म्हणाल्या, "धोबी नाही बाई. यांचं चित्र आलं."

तर त्याचं असं होतं. केळीचा चीक काय चीज आहे हे जळगावात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. कापला तेव्हा नुसतं पाणी. अंगावर उडाला तर कळतही नाही. मग कापड पिवळं पडतं, तपकिरी होतं, आणि एकदा का साबण लागला की डाग काळपट होऊन कायमचा बसतो. बागेतल्या कामाचे कपडे सगळे वेगळे ठेवतात ते त्यासाठी. सगळा जिल्हा ज्या डागाला शिव्या घालायचा, त्या डागानं नाना चित्रं काढायचे.

केळीची कापणी असेल त्या दिवशी नाना पितळी लोटा घेऊन बागेत जायचे. घड उतरवला की दांड्यातून जो चीक ठिबकतो तो धरायचे. कोवळ्या खोडाचा वेगळा, जून खोडाचा वेगळा. घरी येऊन कापड जमिनीवर अंथरायचे आणि चिंधीच्या बोळ्यानं, कधी नारळाच्या शेंडीनं, कधी नुसत्या तळहातानं चीक लावत जायचे. कुठे लिंबू पिळायचे, म्हणजे तिथला रंग मागे राहतो. कुठे गंजक्या खिळ्यांचं पाणी, म्हणजे तिथे काळा धरतो. आणि हे सगळं न दिसणारं. ओलं वाळलं की कापड जसं होतं तसं कोरं. आपला हात मघाशी कुठून गेला हे त्यांचं त्यांनाही दिसायचं नाही.

"नाना, पण काय काढलंय हे लक्षात कसं ठेवता?" मी एकदा विचारलं.

"लक्षात ठेवलं तर मग ते यायचं कशाला, बाई? मला ठाऊकच असेल की."



यातली गंमत म्हणजे हा माणूस दिवसभर जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायचा. कुणाचा बांध कुठून जातो, कुणाची विहीर कुणाच्या हद्दीत येते, केसाएवढी रेघ इकडची तिकडे झाली तर भावाभावांत कुऱ्हाडी निघतील, असलं काम. तिथे नानांची रेघ वाकडी झाल्याचं कुणी सांगितलं नाही. पण संध्याकाळी कोट खुंटीला लागला की सरळ रेघेशी त्यांचं वैर. तलावावर फिरायला जाताना सुद्धा हे गृहस्थ रस्त्यानं सरळ जायचे नाहीत. एका बोरीपासून दुसऱ्या बोरीकडे, तिथून पाण्याकडे, तिथून परत. अक्का मागून ओरडायच्या, "अहो, चपला झिजतात." नाना हात वर करायचे आणि आणखी एक वळसा घालायचे.

मेहरूणचं ऊन तुम्हाला माहीत नाही. चैत्रापासून दुपारी दारं लावून सगळं मेहरूण पडलेलं असायचं. अशा वेळी शाळेतून यावं तर अंगणात ते कापड, त्याच्यावर बोरीची बारीक सावली हलतेय, नाना पाटावर डोळे अर्धवट मिटून बसलेत. झोपलेत म्हणावं तर मध्येच मान कलती करायचे. कुठे काही आवाज नाही. मीही मग छत्री मिटायची विसरून तिथेच उभी राहायची. कापडावर काही होत नसायचं. म्हणजे होत असायचं, पण आपण पाहताना होत नसायचं, आणि डोळा लवला की आधी इथे पिवळं होतं का नव्हतं असं वाटायचं. मला या असल्या गोष्टींचा राग आहे. तरी मी उभी राहायची.

महिन्यातून एखाद्या रविवारी नानांसारखीच माणसं जमायची. धुळ्याहून त्यांचा मित्र यायचा, तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवणारा. तो तेलरंगाचे जाड थर द्यायचा आणि मग चमच्यानं खरवडायचा. अमळनेरचा एक होता तो नुसते काळे ठिपके द्यायचा. चित्रं भिंतीला टेकवून ही मंडळी तासन्‌तास गप्प बसायची. मधेच कुणी म्हणायचं, "तो वरचा कोपरा जरा बोलतोय जास्त." बाकीचे माना डोलवायचे. अक्का शेव-चिवडा ठेवून आत यायच्या आणि मला म्हणायच्या, "बाई, मला काही कळत नाही. पण त्यांना कळतं ना, ते दिसतं."

आता अक्कांचं सांगते. अक्का शिंदखेड्याच्या. आईबाप गेलेले, माहेर म्हणजे एक थोरला भाऊ, त्याला त्या दादा म्हणायच्या. बापाच्या वर्षश्राद्धाला दादांनी नानांना सांगून धाडलं, की पाव्हणे, तुम्ही मुंबईला चित्रं शिकून आलात, आमच्या बापाचा एक फोटोही नाही, तर एक चांगली तसबीर काढून आणा. नानांनी महिनाभर खपून तसबीर केली. श्राद्धाला जमलेल्या सगळ्या भाऊबंदांसमोर कापड उलगडलं तर तपकिरी ढग. नाक नाही, डोळे नाहीत, पागोटं नाही. दादा म्हणाले, "मन्हा बापना चिखल करी टाका." नाना शांतपणे म्हणाले, "मला ते असेच आठवतात." त्या दिवसापासून येणं-जाणं बंद.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी जातात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण लेकीनं आपण होऊन जायचं नसतं. भाऊ न्यायला येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. आखाजी जवळ आली की आमच्या आळीत रोज कुणाकडे तरी मुऱ्हाळी उतरलेला असायचा. अक्का त्या दिवसांत अंगण जरा जास्तच झाडायच्या. एकदा मी म्हटलं, "अक्का, तुम्ही तरी एकदा जाऊन या की." तर म्हणाल्या, "न बोलावता गेले तर ती पाहुणी झाले, बाई. माहेरवाशीण नाही." आणि केरसुणी आपटून आत गेल्या. बाईला मूल नव्हतं. त्या एका भावाच्या पावलाकडे तिचे डोळे लागलेले होते, आणि ते पाऊल नवऱ्याच्या चित्रानं बंद केलं होतं. तरी नवऱ्याला चित्रकार म्हणणारी अख्ख्या मेहरूणात ती एकटी. मला हे गणित कधी सुटलं नाही.

मग धुळ्याच्या मित्रानं तिथल्या एका सभागृहात नानांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. धुळे म्हणजे शिंदखेड्याच्या जवळ. अक्कांनी माझ्या मागे लागून दादांना पत्र लिहून घेतलं. 'यांचा मोठा मान होणार आहे, शेठजींच्या हस्ते उद्घाटन आहे, एकदा येऊन बघून जा.' अक्कांचा हिशोब साधा होता. चार मोठ्या माणसांनी नवऱ्याला हार घातलेला भावानं पाहिला की बापाच्या तसबिरीचा राग जाईल. जुनी, चांगली पिकलेली चित्रं त्यांनी स्वतः निवडली, इस्त्री केली, वळकटीत बांधली. नाना एक दिवस आधी वळकटी घेऊन पुढे गेले. आम्ही दोघी उद्घाटनाच्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं निघालो.  पारोळा येईपर्यंत अक्का पदर सारखा नीट करत होत्या.

सभागृहात शिरलो. चारी भिंतींवर पांढरीशुभ्र कापडं. नुसती कोरी. काही तर अजून दमट.

वळकटी मित्राच्या घरी तशीच बांधलेली होती. नानांनी पहाटे ताजा चीक आणवून सगळी नवी कापडं तिथल्या तिथे केली होती.

शेठजी आले. मारवाडातून आलेलं घराणं, कापडाची पेढी. त्यांनी पहिल्या चित्राजवळ जाऊन ते चिमटीत धरलं, अंगठ्यानं चोळलं आणि म्हणाले, "माल चांगला आहे." पुढे त्यांनी शुभ्रतेवर भाषण केलं. शुभ्र म्हणजे शांती, शुभ्र म्हणजे त्याग, असं बरंच काही. माणूस भला होता, त्यानं वेळ निभावून नेली. मागे बाकांवर मात्र लोक पदराआड आणि टोपीआड हसत होते.

दादा आले होते. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, बरोबर शिंदखेड्याची आणखी दोन माणसं. म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचा मान दाखवायला ते माणसं घेऊन आले होते. हे माझ्या लक्षात आलं आणि मला नानांना गदागदा हलवावंसं वाटलं. दादा सगळ्या भिंतींसमोरून सावकाश फिरले. नानांपुढे येऊन उभे राहिले.

"हाई चित्र शे?"

"होईल," नाना म्हणाले.

"मंग माले एक द्या. गोधडीले अस्तर तरी व्हई जाई."

बरोबरची माणसं हसली. नानांना टोमणा कळलाच नाही. त्यांचा चेहरा असा उजळला की बघवेना. त्यांनी सगळ्यात मोठं कापड भिंतीवरून उतरवलं, जपून घडी घातली आणि दोन्ही हातांनी दादांना दिलं. दादांची पंचाईत झाली. सगळ्यांसमोर मागितलेलं, टाकता येईना. कापड काखेत मारून ते चालते झाले. बहिणीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

परतीच्या एस.टी.त अक्का खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. पलीकडच्या बाकावरून नाना माझ्याशी बोलत होते, पण ते अक्कांसाठी होतं. "जुनी चित्रं म्हणजे होऊन गेलेली गोष्ट, बाई. म्हटलं, दादा एवढे येताहेत, तर त्यांच्यादेखत काहीतरी व्हावं. चार दिवस राहतील असं वाटलं होतं मला." हे ते इतक्या खरेपणानं म्हणाले की मला रागावताही येईना. धुळ्याला मित्राच्या घरी दादांसाठी त्यांनी गादीसुद्धा घालून ठेवली होती.

धुळ्याच्या मित्राचं नंतर पत्र आलं. चित्रं सावकाश उमटली म्हणे. काही माणसं रोज संध्याकाळी कामावरून सुटली की नेमानं यायची आणि काल कुठे काय नव्हतं ते एकमेकांना दाखवायची. मी पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्का तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

त्यानंतर घरात अबोला. "बाई, त्यांना सांगा, पान वाढलंय." "बाई, तिला सांगा, मी येतोय." मी आपली मध्ये. नानांनी लोटा फळीवर ठेवून दिला. दोरीवर नुसतं धुणं वाळायचं, आणि त्या धुण्यासमोरसुद्धा नाना पाट टाकून बसायचे. मला खरंच फार वाईट वाटायचं. मी तोवर त्यांच्या चित्रांची थट्टाच केली होती, पण ती रिकामी दोरी मला बघवत नव्हती.

चैत्र संपत आला. रविवार होता, मी ओट्यावर पेपर तपासत होते. टळटळीत दुपारी फाटक वाजलं आणि दादा आत आले. घामानं टोपी भिजलेली. त्यांनी पिशवीतून कापड काढलं आणि बाजेवर आपटलं.

"हाई तुमनं तुमले परत ल्या. मन्ही बायकोना हात मोडी गयात धुई धुई. साबण लावा, सोडा लावा. जितलं धुवा तितलं काळं व्हस."

अक्का दारात आल्या. भाऊ इतक्या वर्षांनी अंगणात उभा आणि तोही भांडायला. त्या एवढंच म्हणाल्या, "बस तरी दादा. पानी पे."

नाना आतून आले. पाहुण्याला रामराम नाही, काही नाही. बाजेवरचं कापड उलगडून त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले.

"सोडा? धुण्याचा सोडा?"

"मंग काय खावाना?"

"मी कधी सोडा लावून पाहिलाच नाही," नाना म्हणाले. "दादा, ते टोक धरा जरा."

दादांनी रागारागानं टोक धरलं. दोघांनी मिळून कापड दोरीवर टाकलं. एका बाजूनं दाट काळपट काहीतरी चढत गेलं होतं, वर जाता जाता विरळ होऊन पिवळं झालं होतं, आणि त्यातून एक पांढरी वाट तिरपी निघाली होती. मला त्यात काही म्हणजे काही दिसलं नाही. पण पेपरातून वर केलेली मान मी पुन्हा खाली घातली नाही.

दादा कंबरेवर हात ठेवून उभे होते. "हाई काय शे?"

"मला कसं माहीत? मी केलं तेव्हा पांढरं होतं."

"आनि हाऊ कोपरा? आठे तर काहीच उनं नही."

"तिथे अगदी कोवळ्या खोडाचा चीक होता. येईल सावकाश. नाही तर नाहीही यायचं."

दादा त्या कोपऱ्याजवळ गेले, वाकले, बोट लावून पाहिलं.

अक्कांनी भरीत केलं, उडीद-ज्वारीची कळण्याची भाकरी थापली. दादा जेवायला बसले ते दाराकडे तोंड करून. मी वाढायला मदत करत होते म्हणून मला दिसलं. घास हातात आणि नजर बाहेर दोरीवर. एकदा तर अक्कांनी दुसऱ्यांदा भाकरी विचारली तरी त्यांना ऐकू गेलं नाही. अक्का भाकरी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

हात धुऊन दादा अंगणात गेले. त्यांनी दोरीवरून कापड उतरवलं, जपून घडी घातली आणि पिशवीत ठेवलं.

"परत द्यायला आणलं होतं ना?" नाना म्हणाले.

"त्या कोपरामां काय निंघस ते देखनं पडी," दादा म्हणाले. मग फाटकाकडे बघत, बहिणीकडे नाही, त्यांनी घसा साफ केला. "पन माले यामधलं काही समजत नही. हिले धाडा मन्हासंगे. आखाजी बी शे. हाई देखी सांगी."

अक्का आत गेल्या. दादांनी एस.टी.ला वेळ आहे, सावकाश आवर, असं म्हणेपर्यंत त्या साडी बदलून पिशवी घेऊन बाहेर आल्यासुद्धा. नीट भरलेली, वर नाडी बांधलेली पिशवी. इतक्या वेळात कुणाला पिशवी भरता येत नाही. ती आधीच भरलेली होती. दरवर्षी चैत्रात अक्का ती भरत असणार आणि आखाजी झाली की उपसून ठेवत असणार. एका भिंतीपलीकडे राहून मला ते कधी कळलं नव्हतं. मी नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलेलं नव्हतं.